वाटणी नसलेले नाते

बाजारपेठेच्या गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली भुसाराची आडत, वर राहते घर. घरधनी पन्नाशीच्या आत गेले. उठावण्याला अवघी पेठ लोटली, त्या दिवशी दुकानांनी अर्धे शटर खाली ओढून घेतले. पुढे महिनाभर घरात माणसांची ये-जा राहिली. दीर भागीदार होते, ते पेढीची काळजी वाहू लागले. एकवीस वर्षांचा मुलगा गल्ल्यावर बसू लागला. सासूबाई नातीच्या लग्नाचा विचार करू लागल्या. माहेरचे लोक दागिने आणि ठेवी कोठे आहेत, याची चौकशी करून गेले. सर्वांचे प्रश्न योग्य होते, प्रेमापोटीही होते. पण त्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला ‘तू आज जेवलीस का?’ असे विचारणाऱ्या दोघीच होत्या, तिच्या सामायिक मंडळातील दोन मैत्रिणी.

असे घर एकाच गावात नसते. व्यापारी समाजात मृत्यू घडला, की त्यासोबत हिशेब उभा राहतो. त्यात दोष कोणाचाच नाही. उधारी वसूल व्हायची असते, बँकेचे हप्ते थांबत नाहीत, हमालांची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते. मात्र या व्यवहारात गुंतलेल्या प्रत्येक आप्ताचा त्या घरात कसला ना कसला वाटा असतो. दिराचा पेढीत, मुलांचा वारशात, सासरचा कुळाच्या नावात आणि माहेरचा लेकीच्या सुरक्षिततेत. मैत्रिणीचा मात्र कशातच वाटा नसतो. तिला काही मिळवायचे नसते आणि काही गमवायचेही नसते. म्हणूनच जे घरात कोणाच्याही ओठांवर येत नाही, ते तिला बोलता येते: ‘तुला पुन्हा कोणाची सोबत हवीशी वाटते का?’

हा प्रश्न उच्चारणे आजही सोपे नाही. विधुर झालेल्या पुरुषापुढे तो वर्ष पुरे होण्याआधीच, अनेकदा त्याची आईच मांडते. ‘मुलांकडे कोण बघणार?’ एवढे कारण पुरेसे ठरते. विधवेच्या बाबतीत तीच मुले नेमके उलटे कारण बनतात: ‘आता मुलांकडे बघून दिवस काढ.’ एकाच दुःखासाठी समाजाने दोन वजने वापरली आहेत. तराजू हाती घेऊन जगणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मैत्रीच्या आधाराने दुसरा संसार उभा राहिल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण सव्वाशे वर्षांहून जुने आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. कर्वे त्या वेळी तिशी ओलांडलेले होते, घरी लहान मुलगा होता आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याचे काम नुकतेच हाती आले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे एखादी कुमारिका त्यांना सहज मिळाली असती. त्यांनी मात्र विवाह केलाच तर विधवेशीच करायचा, असे ठरवले. मुंबईच्या दिवसांपासूनचे त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्या दोघांचा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या.

या घटनेकडे सुधारणेच्या इतिहासातील एक पान म्हणून पाहिले जाते. तिच्या मुळाशी एक साधी मैत्री होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. भाऊ आपल्या बहिणीला शिकायला पाठवतो, आपल्या मित्राला ओळखतो आणि लोकनिंदेची पर्वा न करता त्या दोघांच्या पाठीशी उभा राहतो. निंदाही थोडीथोडकी झाली नाही. कोकणातील मुरूड या कर्व्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांना सोसावी लागली. तरीही तो संसार अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्व्यांनी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी स्थापन केली, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाचा पाया घातला. आनंदीबाईंनी स्वतःची जीवनकथा ‘माझे पुराण’ या नावाने सांगितली; तीत त्या कोणाच्या दयेवर जगणाऱ्या म्हणून भेटत नाहीत, घर आणि कार्य दोन्ही पेलणारी सहचारिणी म्हणून भेटतात.

‘हे इतरांचे झाले, आपल्या धर्मात हे कसे बसेल?’ असा प्रश्न जैन घरांत विचारला जातो. श्वेतांबर परंपरेतील आदिनाथ चरित्र वाचणाऱ्यांना सुनंदेची कथा परिचित आहे. युगलिक काळात स्त्री-पुरुष जुळे जन्मत आणि तेच पुढे एकमेकांचे जोडीदार होत. अशाच एका जोडीतील बालकाच्या मस्तकावर ताडाचे फळ पडले आणि ते दगावले. एकाकी उरलेल्या त्या कन्येला नाभी कुलकरांकडे आणण्यात आले आणि पुढे ती ऋषभदेवांची पत्नी झाली. बाहुबली आणि सुंदरी ही तिचीच अपत्ये. दिगंबर परंपरेत सुनंदेची कथा वेगळ्या रीतीने येते, आणि या प्रसंगाला पुनर्विवाह म्हणावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतात. तरीही जोडीदार गमावलेल्या कन्येला अशुभ न मानता सन्मानाने घरात घेणारी परंपरा आपल्याच कथांमध्ये आहे, एवढे निश्चित. दक्षिण महाराष्ट्रातील काही जैन ज्ञातींमध्ये विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार चालत आलेला होता, हेही विसरता कामा नये.

याच्या शेजारी दुसरा मार्गही तेवढ्याच आदराने ठेवला पाहिजे. सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांच्या शिक्षणाला पाठबळ दिले. मगनबाईंनी पुनर्विवाह केला नाही. मुंबईत श्राविकाश्रम उभारून त्यांनी शेकडो स्त्रियांना अक्षर आणि आधार दिला. संयमाचा, सेवेचा किंवा व्रताचा मार्ग ज्या स्त्रीने स्वतः निवडला, तिला कोणी लग्नाचा आग्रह करू नये. परंतु स्वतः निवडलेले व्रत आणि इतरांनी लादलेला एकांतवास यांत महदंतर आहे. मनात ओढ असताना लोकलाजेपायी कोंडून घेतलेले जीवन म्हणजे शील नव्हे. श्रावकाच्या चौथ्या अणुव्रतात स्वदारसंतोष सांगितला आहे. विधिपूर्वक केलेल्या दुसऱ्या विवाहातील निष्ठा त्या व्रताच्या आड येत नाही.

खरी अडचण अनेकदा धर्माची नसते, वहीची असते. आई पुन्हा लग्न करणार, असे कानावर आले की मुलाच्या मनात पहिली भीती पेढीची येते. ही भीती लोभी म्हणून झिडकारू नये. ती समजून घेऊन तिचे उत्तर द्यावे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने असे विवाह वैध ठरवले, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. ती गाठ आजही लोकांच्या मनातून सुटलेली नाही. आजची स्थिती वेगळी आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू होतात. मृत्युपत्र नसेल, तर पतीच्या वाट्यात विधवेला मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीचा हिस्सा मिळतो. तो हिस्सा पूर्णपणे तिच्या मालकीचा असतो आणि पुढे तिने विवाह केला म्हणून तो काढून घेता येत नाही.

मुलांच्या शंकेतही तथ्य असते. स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मालमत्ता आधी तिची मुले आणि तिचा पती यांच्याकडे जाते. दुसऱ्या विवाहानंतर तो पती म्हणजे नवा पती. उलट, सावत्र वडिलांच्या मालमत्तेत पहिल्या घरच्या मुलांना आपोआप वारसा मिळत नाही. म्हणून दुसऱ्या विवाहापूर्वी दोघांनीही आपापले मृत्युपत्र करणे हाच सरळ मार्ग आहे. जे पहिल्या संसाराचे, ते पहिल्या मुलांना; जे दोघे मिळून कमावतील, त्याची वेगळी नोंद. पेढी भागीदारीची असेल, तर तिचा हिशेबही आधी पुरा करावा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल आणि मृत भागीदाराचा हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालवला, तर त्याच्या भांडवलाच्या वापरातून मिळालेला नफा किंवा त्या वाट्यावर दरसाल सहा टक्के व्याज वारसांना मागता येते. हे सारे कागदावर उतरले, की घरातील निम्मा विरोध विरून जातो. उरलेला विरोध भावनेचा असतो, आणि तेथे पुन्हा मैत्रीचेच काम सुरू होते.

त्या आडत दुकानावरच्या घराकडे परत यावे. तेथील दोन मैत्रिणींनी पहिले वर्षभर लग्नाचे नावही काढले नाही. त्या रोज दुपारी येत. तिघी मिळून सामायिक करीत. अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी कोणाशी बोलत नसे, पण शेजारी कोणी बसले आहे, एवढ्यानेही जीव शांत होई. दुसऱ्या वर्षी पर्युषणानंतर त्यांतील एकीने विषय काढला. ‘माझ्या भावाचे स्नेही आहेत, कापडाचे व्यापारी. चार वर्षांपूर्वी पत्नी गेल्या. तुला नको असेल तर पुन्हा कधी नाव घेणार नाही. पण नको म्हणशील ते लोकांसाठी म्हणू नकोस.’ ती रागावली, आठवडाभर बोलली नाही. मग एके दिवशी तिनेच विचारले, ‘त्यांना मुले किती?’

पुढची वाट मैत्रिणींनीच सोपी केली. पहिली भेट एकीच्या घरी झाली आणि चहा ठेवण्याच्या निमित्ताने ती स्वयंपाकघरातच थांबली. त्या गृहस्थांनी आधी आपल्या दिवंगत पत्नीविषयी सांगितले, मग तिला तिच्या पतीविषयी विचारले. कित्येक महिन्यांत कोणी त्यांचे नाव तिच्यासमोर घेतले नव्हते. तिला दुःख होईल म्हणून सारे टाळत आले होते. त्या दिवशी ती प्रथमच त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलली, आणि मध्येच हसलीही. दुसऱ्या वयातील प्रेमाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. दोन माणसे आपापल्या आठवणी एकमेकांसमोर निःशंक ठेवू शकतात आणि त्यांना ठाऊक असते की भिंतीवरची तसबीर कोणी उतरवायला सांगणार नाही.

मुलाला समजावण्याचे काम दुसऱ्या मैत्रिणीने पत्करले. तिने युक्तिवाद केला नाही. एवढेच विचारले, ‘तू दुकान वाढवून रात्री साडेनऊला वर येतोस. तोवर आई कोणाशी बोलते, हे तू कधी पाहिले आहेस का?’ मुलगा बराच वेळ गप्प राहिला. वहीतील प्रत्येक ओळ त्याला तोंडपाठ होती. ही ओळ त्याने कधी वाचलीच नव्हती.

असे विवाह झाल्यावर मित्रपरिवाराची जबाबदारी संपत नाही. पहिल्या वर्षी देवळात, स्थानकात, लग्नसमारंभात कुजबुज होते. त्या वेळी शेजारी येऊन बसणारी, मंगल कार्यात ओवाळणीचे तबक तिच्या हाती देणारी मैत्रीण हवी असते. विधुरांनाही अशा मित्राची तेवढीच गरज असते. पुरुषाचे लग्न लवकर जमवले जाते, पण त्याचे मन भरून आले आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. समाजाच्या संस्थांनी परिचय मेळाव्यांत विधवा आणि विधुरांसाठी सन्मानाचे स्थान ठेवावे, श्राविका मंडळांनी वारसा आणि मृत्युपत्र यांविषयी जाणकारांकडून माहिती मिळवून द्यावी. ही कामे छोटी आहेत, पण त्यांच्यामुळे एखादे बंद दार उघडू शकते.

दिवाळीला घरोघरी नवी वही उघडली जाते. जुनी वही म्हणून कोणी फाडून टाकत नाही. तिच्यातील शिल्लक नव्या वहीच्या पहिल्या पानावर आदराने ओढली जाते आणि मग पुढचा व्यवहार सुरू होतो. पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही रीत माणसालाही लागू पडते. गेलेल्या माणसाचे प्रेम हीच ती शिल्लक. ती सोबत घेऊन नवे पान उघडण्याचे धैर्य ज्या घरात कोणाला होत नाही, तेथे ते पान उलटायला हात देणारी एखादी मैत्रीण असावी.