एका दावतीने वजन किती वाढते?

कॅलरी मोजून खाणाऱ्याची खरी परीक्षा दस्तरखानवर होते. सोमवार ते शनिवार सगळे नीट चालते. भाकरी मोजून, भात वाटीने, तेल चमच्याने. रविवारी वलीमा येतो. बिर्याणी, दालचा, फिरनी, वर थंड पेयाचा ग्लास. सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहावे तर वजन दीड किलोने जास्त! सहा दिवसांची मेहनत वाया गेली असे वाटते, आणि कितीतरी घरांत वजन कमी करण्याचा बेत त्याच सकाळी बारगळतो. म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

काट्यावरचे दीड किलो म्हणजे काय?

शरीरातील एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो चरबी वाढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका जेवणात ते कोणालाही शक्य नाही. मग काटा का चढतो?

बिर्याणीतल्या भाताचे पिष्ट आणि फिरनीतली साखर यांचा काही भाग शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. दावतीच्या जेवणात मीठही जास्त असते, तेही पाणी अडवते. शिवाय खाल्लेले अन्न अजून आतड्यात असते. या सगळ्याचे वजन काटा दाखवतो. नेहमीचे खाणे सुरू केले की तीन-चार दिवसांत त्यातले बहुतेक उतरते. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या आधीही अशीच पाण्याची वाढ दिसते.

हिशेब आठवड्याचा धरा

एका भगिनीचे उदाहरण घेऊ. तिच्या शरीराला रोज 1,900 कॅलरी लागतात आणि ती 1,500 खाते. रोजची तूट 400. सातही दिवस पाळले तर आठवड्याची तूट 2,800, म्हणजे सुमारे 360 ग्रॅम वजन कमी.

आता रविवारी दावत आली आणि त्या दिवशी तिने 3,000 कॅलरी खाल्ल्या. गरजेपेक्षा 1,100 जास्त. उरलेल्या सहा दिवसांची तूट 2,400. वजा जाता 1,300 शिल्लक. म्हणजे दावत खाऊनही आठवड्यात 170 ग्रॅम कमीच झाले. वेग मंदावला, पण दिशा बदलली नाही.

त्याच आठवड्यात दुसरी दावत आली तर? पाच दिवसांची तूट 2,000, दोन दावतींची भर 2,200. इथे वजन घटणे थांबते. हे ढोबळ आकडे आहेत, प्रत्येक शरीर थोडे वेगळे वागते. पण एक दावत आणि दोन दावती यांतला फरक यातून कळावा.

दावती पूर्वीही होत्या

आपले आजी-आजोबा दावत खात नव्हते का? खात होते, पोटभर खात होते. पण त्यांचे बाकीचे दिवस वेगळे होते. पनवेलजवळच्या जासईचेच पाहा. जमिनीसाठी झालेल्या 1984 च्या शेतकरी आंदोलनाने हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले. या उरण-पनवेल पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हा जगण्याचा आधार होता. चिखलात लावणी, डोक्यावर मिठाच्या पाट्या, सगळीकडे पायी चालणे. नंतर जमिनी गेल्या, न्हावाशेवा बंदर आले, कंटेनरची गोदामे आली. आज अनेकांचा दिवस ट्रकच्या केबिनमध्ये किंवा संगणकासमोर बसून जातो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला जड कष्ट असतील तर दिवसाला 3,470 कॅलरी लागतात, बैठे काम असेल तर 2,110. फरक 1,360 कॅलरींचा. म्हणजे मिठागरात राबणाऱ्याचे जे रोजचे जेवण होते, ते खुर्चीवर बसणाऱ्यासाठी दावतीइतके भरते. ताट तेच राहिले, कष्ट मात्र गेले.

त्यात आपल्याकडे दावती एकट्या येत नाहीत. शाबानमध्ये लग्ने उरकायची घाई असते, मे महिन्यात आखातातली मंडळी सुट्टीवर येतात. मंगनी, मेहंदी, निकाह, वलीमा, मग नव्या जोडप्याला घरोघरी बोलावणे. रमजाननंतर ईदचा शीरखुर्मा आठवडाभर चालतो. शिवाय वलीम्याची उरलेली बिर्याणी डब्यातून घरी येते आणि मंगळवारपर्यंत पुरते. एका दिवसाची दावत अशी तीन दिवसांची होते.

अमेरिकेत 195 प्रौढांचे सणांच्या हंगामात वजन तपासले गेले. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वाढ निघाली फक्त 370 ग्रॅमच्या आसपास, लोकांना वाटत होती त्याहून बरीच कमी. पण सण संपल्यावरही ती उतरली नाही. अशी पाव-अर्धा किलो दरवर्षी साठत गेली की चाळिशीत पोट पुढे येते आणि मग मधुमेह, रक्तदाब मागोमाग येतात. आपल्या देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 च्या पुढे गेली तर सावध व्हावे.

मग करावे काय?

दावतीला जावे. आमंत्रण स्वीकारणे ही आपली रीत आहे आणि यजमानाचे मन मोडू नये. मात्र पोटाचे तीन भाग करून एक श्वासासाठी मोकळा ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण दावतीतही लागू आहे. ताट एकदाच वाढून घ्यावे. मटणाचे तुकडे आणि कांदा-काकडी आधी, भात नंतर. गोड एकच घ्यावे, फिरनी किंवा थंड पेय. आग्रह झाला तर "माशाअल्लाह, पोट भरले" एवढे पुरते.

उरलेली बिर्याणी त्याच दिवशी वाटून टाकावी. शेजारी आणि गरजू यांचा त्यात हक्क आहेच.

दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नये. त्याने संध्याकाळी भूक अनावर होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. नेहमीचे 1,500 चे जेवण घ्यावे आणि अर्धा तास जास्त चालावे, एवढे बस्स.

वजन फज्रनंतर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर पाहावे. दावतीनंतर चार दिवस काट्यावर चढूच नये. एका सकाळच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी महिनाभर लिहून ठेवावी. ती खाली सरकत असेल, तर पुढच्या निकाहाचे आमंत्रण बिनघोर स्वीकारा.