चाकावरचा संसार आणि परतीचा पाऊस

परदेशात मोटारहोम नावाची गाडी असते. आतच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. रात्र पडेल तिथे मुक्काम. आपल्या वस्तीत तशी गाडी कुणाच्या दारात नाही, पण तसा संसार आपल्या मायमाऊल्या वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून अशोक विजयादशमीला खेड्यापाड्यांतून माणसे दीक्षाभूमीकडे निघतात, आणि भाड्याची गाडीच दोन दिवस घर होते.

एका वर्षी सावंगी (मेघे) येथून आम्ही सोळाजण असेच निघालो. नागपूर सुमारे ८० किलोमीटर. दोन तासांत पोहोचू या हिशेबाने भाकरीचे गाठोडे, स्टोव्ह, चादरी सगळे टपावर ताडपत्रीखाली बांधले. चूक तिथेच झाली.

केळझर मागे पडले आणि इंजिनाचा काटा तांबड्या रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. क्लीनर पोरगा रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. आमच्यातले एक काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते ओरडले, "पोरा, हात काढ! दीक्षाभूमी का पळून चालली?" आतले उकळते पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते तोंडावर उडते. अर्धा तास गाडी निवू द्यावी, मग जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर इंजिनाला तडा जाऊ शकतो. फॅनबेल्ट तुटला होता. साडीची चिंधी बांधून काम भागते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणसांनी भरलेल्या गाडीत तो प्रयोग करू नये. ड्रायव्हर समोरून आलेल्या मोटरसायकलवर बसून बेल्ट आणायला सेलूला गेला.

तेवढ्यात परतीचा पाऊस आला, विजांसह. बाया चिंचेखाली धावल्या. काकांनी सगळ्यांना आत बोलावले. बंद पत्र्याची गाडी विजेच्या वेळी झाडापेक्षा कितीतरी बरी; काचा वर घ्याव्यात, लोखंडाला टेकू नये. कुणी म्हणाले, स्टोव्ह आत आणून चहा ठेवू. तोही बेत मोडला. बंद गाडीत स्टोव्हचा विषारी वायू साठतो, आणि त्याला वास नसतो.

आजी मात्र गप्प झाली होती. शुगरची गोळी तिने वेळेवर घेतली होती आणि जेवण टपावर भिजत होते. हात थरथरत होते, कपाळ घामाने ओले. वस्तीतली एक मुलगी सावंगीच्या रुग्णालयात परिचारिका आहे. तिने एका नजरेत ओळखले. "साखर आहे का कुणाजवळ?" एका लेकराच्या दप्तरात गुळाचा खडा निघाला, दुसऱ्याजवळ बिस्किटाचा पुडा. पंधरा मिनिटांनी आजी बोलू लागली. माणूस शुद्धीत असेल तरच तोंडात काही द्यावे, शुद्ध हरपली असेल तर १०८ ला फोन करावा, असे तिने आम्हाला बजावले.

बेल्ट आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पहाटेच्या आधी आम्ही दीक्षाभूमीवर होतो. पुढच्या वर्षी टपावर फक्त चादरी गेल्या. भाकरीचे गाठोडे सीटखाली ठेवले, आणि गुळाचा डबा आजीने कुणाच्या हाती दिलाच नाही. सावंगीपासून नागपूरपर्यंत मांडीवर धरून बसली.