परसबागेतल्या चिमण्या

आमच्या शाळेच्या मागे परसबाग आहे. तिथे मेथी, पालक, वांगी आणि कोबी लावली आहे. ती भाजी आमच्या दुपारच्या खिचडीत पडते. चिमण्या रोज वाफ्यात उतरतात. त्या भाजी खातात असे वाटून आम्ही त्यांना खडे मारायचो. गुरुजी म्हणाले, "आधी नीट बघा, मग हाकला." म्हणून एका शनिवारी सकाळी आम्ही पाच जण वही-पेन्सिल घेऊन लिंबाखाली गुपचूप बसलो.

आधी चिमणी ओळखायची कशी ते सांगतो. चिमण्याच्या गळ्याखाली काळा डाग असतो. चिमणीला तो नसतो, तिचा रंग मातकट असतो. चोच जाड असते, दाणे फोडायला. ती चालत नाही, टुणटुण उड्या मारते.

सात ते आठ वाजेपर्यंत 9 चिमण्या आल्या. दोघींनी धुळीत लोळून अंघोळ केली. तशाने पंख साफ होतात. एकीने मेथीचा कोंब तोडला, ते मी लपवणार नाही. पण एक चिमणी कोबीवरची हिरवी अळी उचलायची आणि भुर्रकन उडून जायची. ती 11 वेळा आली!

गुरुजींनी सांगितले, मोठी चिमणी दाणे खाते, पण लहान पिलांना अळ्या आणि किडेच भरवावे लागतात. चीन देशात चिमण्या धान्य खातात म्हणून 1958 साली त्या मारायला सुरुवात केली. मग पिकावर किडे लई वाढले. शेवटी 1960 साली मारणे बंद करावे लागले.

ती चिमणी जाते कुठे, म्हणून मी मागे पळालो. तर ती आमच्याच घरी गेली! आमचे मातीचे घर शाळेला लागूनच आहे. वर किलचणीच्या भोकात घरटे आहे. आत पिले चिवचिव करत होती. मला आनंद झाला, मग वाईट वाटले. कारण पाडवा झाला की हे घर पाडून स्लॅबचे घर बांधणार आहेत. स्लॅबच्या घराला वळचण नसते, भोक नसते. मग चिमणीने घरटे कुठे करावे?

20 मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो 2010 पासून पाळतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तो सुरू केला. ते चिमण्यांसाठी लाकडी घरटी लावायला सांगतात. खोक्याला सव्वा इंचाचे भोक पाडायचे. ते सावलीत, मांजर पोहोचणार नाही इतके उंच टांगायचे. जवळ पाण्याचे परळ ठेवायचे. आम्ही शाळेत दोन खोकी टांगली आहेत.

पिले अंड्यातून निघाल्यावर साधारण 15 दिवसांत उडतात. बाबा, तुम्ही पालकसभेला आलात की हे वाचाल. आपले घर पाडायचे आहे ते पाडा, पण पिले उडेपर्यंत थांबा. आणि नव्या घराच्या भिंतीला एक खोके मी लावणार आहे. त्याला खिळा मात्र तुम्ही ठोकून द्या.

— इयत्ता चौथी, पिशोर