कॅरिअरवरचं पोतं

बिदर-कलबुर्गीकडच्या भालकी, औराद किंवा आळंदच्या बाजारातून संध्याकाळी गावाकडं निघालेली एखादी लादलेली सायकल अजूनही दिसते. कॅरिअरवर पन्नास किलो ज्वारीचं पोतं, हँडलला भाजीच्या दोन पिशव्या, दांडीला तेलाचा डबा. मालक मात्र सीटवर नसतो. एक हात हँडलवर, दुसरा पोत्यावर ठेवून तो सायकलीच्या बाजूनं चालत असतो. मोटारसायकलवरून भुर्रकन पुढं जाणाऱ्याला त्याची कीव येते. पण चढ लागला की खाली उतरायचा त्याचा निर्णय गणिताला धरून असतो, आणि हे गणित फारसं अवघड नाही.

आधी सायकल बघू. काळी, दांडीची, २८ इंची चाकांची, वीस-बावीस किलो वजनाची. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ साली, सोनीपतची ॲटलस १९५१ साली आणि लुधियानाची हीरो १९५६ साली निघाली. या सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचा साचा उचलला आणि तो आजतागायत फारसा बदललेला नाही. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता.) या सायकलीच्या तारा मोजल्या तर बहुधा पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० भरतात. ओझं मागं येणार, हे कारखान्यानं आधीच धरलेलं असतं.

तारांचं काम गमतीचं आहे. सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. चाकावर भार आला की जमिनीकडच्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांचा जवळजवळ तेवढाच राहतो. चाक फिरतं तशी प्रत्येक तार एका फेऱ्यात एकदा सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. मुळात तारा ढिल्या असतील तर पोत्याच्या भारानं त्यांचा ताण पार शून्यावर येतो आणि हा हिसका हजारो वेळा बसून तार तुटते. तुटते ती बहुधा हबपाशी, वाकाजवळ. म्हणून जड माल नेणाऱ्यानं नवं कॅरिअर घेण्याआधी मिस्त्रीकडून मागच्या चाकाचा आउट काढून तारा ओढून घ्याव्यात.

आता ओझ्याचा हिशेब. स्वार ६० किलो, सायकल २२, माल ६०. एकूण १४२ किलो. बऱ्यापैकी डांबरी रस्त्यावर टायर पुढं लोटायला वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकं बल लागतं, म्हणजे १४ न्यूटन. ताशी १२ किलोमीटर वेगाला वाऱ्याचा विरोध आणखी चार न्यूटनचा. दोन्ही मिळून पायांना सुमारे ६० वॉट शक्ती द्यावी लागते. माल नसता तर ४० वॉट लागली असती. साठ किलोंचा भुर्दंड फक्त २० वॉटचा! धडधाकट माणूस तासभर ७५ ते १०० वॉट सहज देतो. सपाटीवर ओझं का जाणवत नाही, याचं उत्तर इथं आहे.

ऑक्सफर्डचे अभियंता एस. एस. विल्सन यांनी मार्च १९७३ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हाच हिशेब वेगळ्या तऱ्हेनं मांडला होता. चालणारा माणूस आपल्या वजनाचा एक ग्रॅम एक किलोमीटर न्यायला ०.७५ कॅलरी खर्चतो, सायकलवाला ०.१५. पाचवा हिस्सा! चालताना शरीर दर पावलाला थोडं वर उचलावं लागतं आणि पायांना सतत भार पेलावा लागतो. सायकलीवर भार पेलायचं काम चाकाचं, पायांकडं फक्त ढकलायचं काम उरतं.

मग चढ आला की घोडं कुठं अडतं?

कलबुर्गी समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, बिदर सातशेच्या आसपास. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी कलबुर्गीची राजधानी बिदरला हलवली ती जांभ्या दगडाच्या पठारावर, अगदी कडेला. किल्ल्यावरून मांजरेच्या खोऱ्याकडं बघितलं की जमीन एकदम खाली उतरलेली दिसते. दोन्ही शहरांत अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. आपली १४२ किलोंची सायकल अडीचशे मीटर वर चढवायला साडेतीन लाख ज्यूल लागतात, आणि ११० किलोमीटर सपाटीवर टायर आणि वाऱ्याशी झगडायला वीस लाख. म्हणजे एकूण कामात चढाचा वाटा सहावा हिस्सासुद्धा नाही. तो साऱ्या वाटेवर सारखा पसरला असता तर कळलाही नसता. २०१७ साली सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्गावर इंजिनिअरांनी भराव घालून, खोदून चढ असाच वाटून टाकला आहे. रस्त्याचं तसं नसतं. तिथं सगळा चढ दोन-चार किलोमीटरांत एकदम समोर उभा राहतो.

शंभर मीटरला तीन मीटर चढ धरा. मोटारसायकलवाल्याला तो जाणवतही नाही. आपल्या सायकलीला मात्र ४२ न्यूटन जादा बल लागतं, म्हणजे एकूण बल सपाटीच्या तिप्पट. ताशी १२ चा वेग टिकवायचा तर २०० वॉट हवेत. पायांत ऐंशी वॉट असले तर वेग ताशी पाच किलोमीटरवर येतो, आणि हा चालण्याचाच वेग आहे. त्यात सायकलीला गिअर एकच. पुढच्या चकतीला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. ताशी पाचच्या वेगाला पायडलचे मिनिटाला पंधराच फेरे होतात आणि पायडलवर सरासरी ३० किलोंचा दाब लागतो. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पायाचा जोर वायाच जातो, म्हणून मधल्या टप्प्यात तो याच्या दीडपट तरी लावावा लागतो. गुडघ्यांचं भुसकट व्हायला एवढं पुरे. वर त्या वेगाला सायकलीचा तोलही राहत नाही. उतरून ढकलल्यानं वेग तोच राहतो, स्वाराचे साठ किलो मात्र चाकांवरून उतरतात आणि पाय त्यांच्या नेहमीच्या लयीत चालतात. उतरणारा माणूस दमलेला नसतो, शहाणा असतो.

ढकलताना दुसरा प्रश्न येतो: ओझं किती उंचीवर आहे? कॅरिअरवर पोत्यावर पोतं रचलं तर मालाचा मध्य जमिनीपासून मीटरभर वर जातो. सायकल दहा अंश कलली की तो ५० किलोंचा माल ज्या जोरानं खाली ओढतो, तो सावरायला हँडलला साडेआठ किलोंचा रेटा द्यावा लागतो. तोच माल चाकाच्या दोन्ही अंगांना अर्धा मीटर उंचीवर टांगला तर रेटा निम्मा. दुष्काळात पाण्याच्या फेऱ्या मारणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या उन्हाळ्यात मराठवाड्यात आणि आमच्या सीमेलगत सायकलीला लोखंडी आकडे लावून दोन्ही बाजूंना घागरी टांगल्या जातात. त्या एकदम भरत नाहीत. एक अर्धी, मग दुसरी अर्धी, मग पुन्हा पहिली, नाहीतर स्टँडवरची सायकल आडवी होते. आणि भरायच्या त्या काठोकाठ. अर्धवट भरलेल्या घागरीतलं पाणी सायकल कलली की कललेल्या बाजूला धावतं आणि तोल आणखी बिघडवतं. काही दूधवाले कॅनमध्ये पेंढ्याची चूड घालतात तीही याचसाठी. टँकरच्या पोटातल्या आडव्या पत्र्यांचं काम ती चूड करते.

ओझं मागं किती जातं, हेही बघावं लागतं. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या दहा सेंटिमीटर मागं गेला तर साठ किलोंचा माल पुढच्या चाकावरचे पाच किलो उचलतो. रिकाम्या सायकलीच्या पुढच्या चाकावर मुळात दहा किलोच असतात. वर चढ असेल तर हँडल हातात हलकं लागतं आणि चाक दगडाला टेकून भलतीकडं वळतं. म्हणून जुनी माणसं पोतं कॅरिअरवर ठेवताना सीटला भिडवून ठेवतात. दियेन बिएन फूच्या लढाईत, १९५४ साली, व्हिएतनामी मजुरांनी सुमारे वीस हजार सायकलींवरून तांदूळ आणि दारूगोळा डोंगरांतून नेला. एकेका सायकलीवर दोनशे किलो आणि त्याहून जास्त. माल दांडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मधोमध आणि शक्य तेवढा खाली. हँडलला एक लांब बांबू बांधलेला, सीटच्या जागी एक उभा. बसायचा प्रश्नच नव्हता. सगळे ढकलत गेले. झारखंडात कोळसा वाहणारे आजही त्याच तऱ्हेनं दोन-अडीचशे किलो नेतात. त्यांचं कौतुक करावं की लाज वाटावी, हा वेगळा प्रश्न.

बांधायला काय वापरावं? जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. पोत्यातलं धान्य खड्ड्यांनी खाली बसतं आणि पोतं बारीक होतं. दोरी तेवढ्यानं ढिली पडते. रबर ताणूनच बांधलेलं असतं, ते आकसून पोत्याला धरून राहतं. बाजारात मिळणाऱ्या आकड्यांच्या महागड्या पट्ट्या याहून काही निराळं करत नाहीत.

मग ट्रेलर? युरोपात सायकलीमागं दोन चाकांची गाडी जोडून आठवड्याचा किराणा आणतात. त्यात तोलाचा प्रश्न मिटतो, मागच्या चाकाचा भार जातो, जोडावर मालाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. पण चढावरचं बल एका न्यूटननंही कमी होत नाही. उतारावर उलट मागची गाडी सायकलीला ढकलते, आणि दांड्यांच्या ब्रेकवर ती आवरणं कठीण. पावसात तर नकोच. शिवाय ट्रेलरला तीन चाकोऱ्या लागतात. बिदरच्या लाल मुरमावर एक वेळ चालेल, पण भालकी-औरादची काळी जमीन पावसात फुगते आणि टायरला चिकटते. टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल ठासून बसतो आणि काडीनं उकरून काढल्याशिवाय चाक फिरत नाही. तिथं एका सायकलीची दोन चाकं सांभाळताना नाकी नऊ येतात, चार कुठं नेता? माझं मत असं, की कलबुर्गीच्या सपाट बाजारपेठेत दुकानांना माल पोचवायला ट्रेलर चांगला. शेताच्या वाटेवर नको.

खेड्याला हवा आहे तो दुसरा गिअर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारायला घेतली, तेव्हा त्यांनी पाच गिअर बसवले, मागच्या चाकांना ब्रेक दिला आणि वजन घटवलं. आफ्रिकेत ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेची ‘बफेलो’ ही १०० किलो पेलणाऱ्या कॅरिअरची सायकल चालते. तिच्या नव्या नमुन्यात दोन चेन आणि दोन फ्रीव्हील आहेत. पायडल जरा उलटं मारलं की गिअर बदलतो, नाजूक केबल-बिबल काही नाही. मागं १८ दात्यांऐवजी २८ दात्यांची चकती मिळाली तर त्या तीन टक्क्यांच्या चढावर पायडलवरचा ३० किलोंचा दाब २० किलोंच्या आत येतो.

कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना लाखो सायकली वाटल्या. त्यांतल्या कित्येक आज घराघरांत पाणी, पेंड आणि किराणा वाहतात. बिदरचं गुरु नानक देव, भालकीचं भीमण्णा खंड्रे, कलबुर्गीचं पी.डी.ए.; अभियांत्रिकी महाविद्यालयं आपल्याकडं आहेत, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट शोधावा लागतो. गल्लीतल्या वेल्डरकडं बनेल अशी चाकाच्या दोन्ही अंगांची खालची जाळी आणि मिस्त्रीला बसवता येईल असं दोन चकत्यांचं फ्रीव्हील, एवढं कुणीतरी हाती घ्यावं. चाचणीसाठी चढ शोधत लांब जायची गरज नाही, मांजरेकडून बिदर चढणारा रस्ता आहेच.