कानावरचे संरक्षण आणि त्यातला रेडिओ

मागच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात आमचा एक वर्गबंधू पहिल्या रांगेत बसला होता, आणि तरीही प्रत्येक वक्त्यानंतर शेजाऱ्याला विचारत होता, "काय म्हणाले?" ज्यांनी त्याच्यासोबत वसतिगृहात दिवस काढले त्यांना ही गोष्ट चटका लावून गेली. रात्रीच्या अभ्यासिकेत आमच्या गप्पा रंगल्या की जिन्यावरची अधीक्षकांची चप्पल सर्वांत आधी त्यालाच ऐकू येत असे. त्याने इशारा करायचा आणि आम्ही पुस्तकात डोके घालायचे, हा नित्याचा क्रम होता. आज तो शीव कोळीवाड्यात राहतो आणि गेली अनेक वर्षे इमारती पाडण्याच्या कामावर ब्रेकर चालवतो. जेवणाच्या पंगतीत त्याने पिशवीतून एक नवी वस्तू काढून दाखवली. कानांवर बसणाऱ्या दोन जाड वाट्या, त्यांना जोडणारी डोक्यावरची पट्टी, आणि एका वाटीत बसवलेला रेडिओ. "आता आवाजही बंद आणि गाणीही चालू," तो कौतुकाने म्हणाला. ती वस्तू एकेकाने लावून पाहिली, तेव्हा रेडिओचा आवाज इतका मोठा होता की दोघांनी ती झटक्याने खाली उतरवली.

आमच्यापैकी काही जण कारखान्यांच्या सुरक्षा विभागात काम करतात, एक-दोघे रुग्णालयांत आहेत. स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहा, असा समितीचा आग्रह झाला तेव्हा या वस्तूविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले. ठेकेदार, नाका कामगार, छापखान्यांतील मंडळी आणि सुताराची यंत्रे चालवणारे असे अनेक जण आता ती वापरू लागले आहेत. वस्तू चांगली आहे, मात्र ती काय करते आणि काय करत नाही हे समजून घेतल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

आवाजाने कान जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे आजोबा आणि वडील परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरण्यांत होते. गिरणीत विणाईचे साचेखाते सर्वांत गोंगाटाचे. शेकडो साचे एकाच वेळी चालत, धोटा इकडून तिकडे आपटत राही, आणि तेथील आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाई. दोन हातांवर उभ्या असलेल्या सोबत्याशी बोलायचे तर खुणांनी किंवा ओठांच्या हालचालींवरून. या खात्यात पगार चढा होता आणि याच खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना मज्जाव होता, कारण कांडीवरचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो विटाळेल अशी सवर्ण कामगारांची समजूत होती. आपली माणसे प्रामुख्याने कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी लावून धरली. हा इतिहास आपण स्मरणिकांतून वेळोवेळी वाचतो. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. रिंग खाते काय किंवा साचेखाते काय, दोन्हींकडून निवृत्त झालेला माणूस घरी मोठ्याने बोलत असे. घरच्यांना वाटे की स्वभाव तापट आहे.

कान नेमका कसा बिघडतो ते पाहू. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार अतिसूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने त्या प्रथम थकतात. पाळी संपल्यावर कानात घुंई होते, आवाज कापसातून आल्यासारखा वाटतो, आणि रात्रभराच्या शांततेनंतर बरे वाटते. असे वर्षानुवर्षे चालले की पेशी मरतात. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. म्हणूनच या बहिरेपणावर औषध नाही. हानी प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत होते. परिणामी ढोल ऐकू येतो, ट्रक ऐकू येतो, पण स, श, फ, त ही अक्षरे पुसट होतात. 'सात' आणि 'हात' यांत गल्लत होते, आणि लहान मुलांचे बोलणे कळेनासे होते. माणसाला वाटते की आपले कान ठीक आहेत, लोकच पुटपुटतात.

आता प्रमाण. भारतातील कारखान्यांसाठीच्या नियमांत ९० डेसिबलच्या आवाजात ८ तास, ९५ ला ४ तास आणि १०० ला २ तास अशी मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्यतज्ज्ञ यापेक्षा कडक मोजमाप सुचवतात. ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलच्या ब्रेकरजवळ उघड्या कानांनी केवळ १५ मिनिटे! आमचा वर्गबंधू दिवसातले पाच-सहा तास ब्रेकरवर असतो. मापकयंत्र हाताशी नसेल तर एक साधी खूण ध्यानात ठेवावी. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे ८५ च्या वर आवाज आहे असे समजावे.

इअरमफचे काम या आवाजाला वाटेतच अडवणे. जाड प्लास्टिकची वाटी, आत स्पंज, कडेने मऊ गादी, आणि गादीला कवटीशी घट्ट दाबून धरणारी पट्टी, एवढीच त्याची रचना. संरक्षण सारे त्या गादीच्या सलग बसण्यात आहे. शीव ते वडाळा पट्ट्यातील कामांवर आम्ही जे पाहिले ते असे : कामगार घाम टिपण्यासाठी डोक्याला रुमाल किंवा गमछा गुंडाळतात आणि त्यावर इअरमफ लावतात. कुणी चष्म्याच्या जाड काडीवरून लावतो, कुणी हेल्मेटच्या पट्ट्यावरून. प्रत्येक ठिकाणी गादीखाली फट राहते, आणि आवाज पाण्यासारखा असतो, फटीतून येतोच. गादी थेट कातडीला टेकावी. कानाची पाळी पूर्ण वाटीच्या आत असावी. चष्म्याची काडी बारीक असावी. मुंबईच्या दमट हवेत गादी घामाने कडक होते व चिरते, म्हणून ती दर सहा महिन्यांनी, चिरलेली दिसली तर त्याआधीच, बदलावी. दुसऱ्याचा इअरमफ पुसल्याशिवाय लावू नये. कानाचा संसर्ग असाही पसरतो.

खोक्यावर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. अमेरिकी पद्धतीचा आकडा २४ असेल तर त्यातून ७ वजा करून उरलेल्याच्या निम्म्यावर विसंबावे, अशी तेथील कामगार सुरक्षा खात्याची सावध रीत आहे. म्हणजे प्रत्यक्षात साडेआठ. १०० डेसिबलचा आवाज कानापाशी साडेएक्याण्णव होतो आणि सुरक्षित वेळ १५ मिनिटांवरून सुमारे पावणेदोन तासांवर जातो. म्हणूनच ब्रेकरसारख्या कामात आत इअरप्लग आणि वर इअरमफ अशी दुहेरी जोडी लावतात. भारतीय प्रमाण आय. एस. ९१६७ चा उल्लेख असलेली वस्तू घ्यावी. पदपथावर मिळणारी, कोणताही आकडा नसलेली वस्तू घेऊ नये, मग तिच्यातला रेडिओ कितीही सुरेल असो.

सर्वांत मोठी चूक सांगायची ती ही. आठ तासांच्या पाळीत कुणी इअरमफ केवळ अर्धा तास काढून ठेवला, तर ३० डेसिबल अडवणाऱ्या उत्तम इअरमफचेही सरासरी संरक्षण १२ डेसिबलवर येते. फोन घेण्यासाठी, मुकादमाचे ऐकण्यासाठी, चहाच्या वेळी शेजारची यंत्रे चालू असताना, असा तो अर्धा तास सहज भरतो. आणि येथेच रेडिओची खरी बाजू दिसते. कंटाळ्याने माणूस इअरमफ उतरवतो. रेडिओ असला की तो कानांवरच राहतो. कामाच्या ठिकाणी संगीताचा हा उपयोग जुना आहे. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने २३ जून १९४० पासून खास कारखान्यांसाठी संगीताचा कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडे आकाशवाणी मुंबईवर 'कामगार सभा' लागे, पण ती घरी ऐकायची. साच्यांच्या आवाजात रेडिओ ऐकू येणे शक्यच नव्हते.

मात्र रेडिओ हाही आवाजच आहे आणि तो थेट कानाच्या पडद्यासमोर वाजतो. डेसिबलची बेरीज साध्या अंकांसारखी होत नाही. बाहेरून गळून आत आलेला आवाज ८२ आणि रेडिओचा ८२ असेल, तर एकूण १६४ होत नाही, ८५ होतो. म्हणजे दोन निरुपद्रवी वाटणारे आवाज एकत्र येऊन बरोबर धोक्याच्या रेषेवर येतात. चांगल्या बनावटीच्या इअरमफमध्ये रेडिओचा आवाज ८२ डेसिबलच्या आसपास रोखलेला असतो आणि कितीही चावी फिरवली तरी त्यापुढे जात नाही. स्वस्त नमुन्यांत असा अटकाव नसतो. वायरने मोबाइल जोडण्याची सोय असते तेथेही काही नमुन्यांत ही मर्यादा लागू राहत नाही. खरेदी करताना हाच प्रश्न दुकानदाराला विचारावा, आणि त्याला उत्तर देता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

वापरताना आमची पद्धत अशी. यंत्र बंद असताना, शांततेत, रेडिओ लावावा आणि गाण्याचे शब्द जेमतेम कळतील एवढाच आवाज ठेवावा. मग यंत्र सुरू करावे आणि चावीला हात लावू नये. गाणे ऐकू येईनासे झाले तर त्याचा अर्थ गादीखाली फट आहे किंवा त्या कामाला हा इअरमफ पुरत नाही. उपाय गादी नीट बसवण्याचा, आवाज वाढवण्याचा नव्हे. आमच्या वर्गबंधूने रुमालावरून इअरमफ लावला होता. फटीतून ब्रेकर आत येई, म्हणून तो रेडिओ वाढवी, आणि मुळात नुकसान टाळण्यासाठी घेतलेली वस्तू नुकसानात भर घालत होती. साधे मोबाइलचे इअरफोन कानात खुपसून यंत्रावर बसणे तर याहून वाईट. ते संरक्षण नव्हेच. इअरफोन लावून वर साधा इअरमफ चढवणे ही युक्तीही आम्ही पाहिली आहे. वायर गादीखालून जाते, फट पडते, आणि इअरफोनच्या आवाजाला मर्यादा नसते.

रेडिओ कोठे मुळीच लावू नये, याबद्दल मात्र आम्हाला तडजोड मान्य नाही. रुळांच्या आसपास नाही. गुरु तेग बहादूर नगर स्थानक, जे जुनी माणसे अजून कोळीवाडा स्थानकच म्हणतात, तेथील हार्बर मार्गालगत किंवा शीवचा १९१२ चा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंद करून जे काम काढले गेले तशा कामांवर, गाडीचा भोंगा हेच जीवदान असते. क्रेनखाली नाही. मागे सरकणाऱ्या डंपरच्या वाटेत नाही. शिडीवर, परातीवर, खड्ड्यात उतरलेल्या माणसाच्या वर उभे राहून नाही. आमच्या वर्गबंधूच्या मागे एकदा डंपर आला तो त्याला ऐकू आला नाही. धुळीत पडलेली सावली पाहून तो बाजूला झाला. त्याने हे सांगितले ते हसत हसत, पण पंगतीत कुणी हसले नाही. एका जागी उभे राहून करायचे, एकसुरी, वाहनांपासून दूरचे काम असेल, जसे बसवलेल्या ग्राइंडरवर किंवा छपाईयंत्रावर, तर रेडिओ खुशाल लावावा. आणि तेथेही सोबत्यांशी आधी खुणा ठरवून घ्याव्यात. हात वर म्हणजे थांब, खांद्यावर थाप नेहमी समोरून. आपल्या वडीलधाऱ्यांनी साचेखात्यांत हीच भाषा घडवली होती. ती आपण विसरायला नको होती.

थोडे हक्कांविषयी. आवाजाने आलेला बहिरेपणा हा कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवण्याजोगा व्यावसायिक रोग म्हणून समाविष्ट करण्यात आला होता. कानाचे संरक्षण पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराने स्वतःच्या मजुरीतून करायची चैन नव्हे. बांधकाम कामगारांनी महाराष्ट्र शासनाच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी आणि मिळालेला सुरक्षा संच माळ्यावर ठेवून देऊ नये.

कानांची तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात होते. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयासाठी आहे. तपासणीला पाळी संपवून थेट जाऊ नये. थकलेला कान खोटे उत्तर देतो. निदान १४ ते १६ तास मोठ्या आवाजापासून दूर राहून, म्हणजे रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी, जावे. त्या रविवारी डी.जे.समोर उभे राहू नये, मग मिरवणूक कोणाचीही असो, अगदी आपल्या जयंतीची असली तरी. मिळालेला आलेख जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षीच्या आलेखाशी ताडून पाहावा.

आमच्या वर्गबंधूला आम्ही अशाच एका सोमवारी घेऊन गेलो. दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा निघाला. गेले ते परत येणार नाही, हे त्याला तेथील तज्ज्ञ बाईंनी सावकाश, समोर बसून, ओठ दिसतील अशा रीतीने सांगितले. आता तो आत इअरप्लग घालतो, रुमाल गळ्यात बांधतो, आणि रेडिओचे सेल ब्रेकरच्या कामाच्या दिवशी डब्यात काढून ठेवतो.