चौथ्या कुलपाची किल्ली

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट धाराशिवकडे पोराटोरांनाही पाठ असते. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काका थापटणं उचलतात, एकेकाच्या डोक्यावर मारतात आणि कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते सांगतात. नामदेव कच्चे ठरतात. या गोष्टीत मला दर वेळी थक्क करतं ते एकच: एवढ्या थोरांच्या मेळ्यात निवाडा कोणी करायचा, तर रोज माती तुडवणाऱ्या कुंभारानं.

निवाडा सामान्य माणसानं करायचा, हाच विचार दूर जर्मनीतही भेटतो. लाइसनिग हे तिथल्या सॅक्सनी प्रांतातलं एक लहानसं गाव. या गावातल्या ख्रिस्ती मंडळीला १५२३ साली आपला पाळक स्वतःच नेमायचा होता. तोवर हा अधिकार मठाकडे होता. गावकऱ्यांनी धर्मसुधारक मार्टिन ल्युथरला विचारलं, आणि त्यानं एक छोटी पुस्तिकाच लिहून दिली: शिकवण खरी की खोटी हे पारखण्याचा, पाळक नेमण्याचा आणि काढण्याचाही हक्क जमलेल्या मंडळीचा आहे. तीन वर्षांपूर्वीच त्यानं लिहिलं होतं की बाप्तिस्मा झालेला चांभार, लोहार, शेतकरी हे सगळेच याजक आहेत. फरक फक्त कामाचा.

लाइसनिगकर नुसतं विचारून थांबले नाहीत. त्यांनी एक सामायिक पेटी ठेवली. गोरगरीब, म्हातारे, अनाथ, शाळा आणि पाळकाचा पगार या सगळ्यांचा पैसा तिच्यात. कारभाराला दहा विश्वस्त निवडायचे: दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरसभेतले, तीन नगरवासी आणि तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटीला कुलपं चार. एक किल्ली सरदारांकडे, दुसरी नगरसभेकडे, तिसरी नगरवासीयांकडे, चौथी शेतकऱ्यांकडे. म्हणजे शेतकरी आला नाही तर पेटी उघडणारच नाही! शिवाय वर्षातून तीनदा सगळ्या मंडळीनं जमायचं आणि हिशेब ऐकायचा. पाचशे वर्षांपूर्वीची ही तजवीज आहे, हे पुनःपुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

आज एखाद्या ल्युथरन मंडळीचा साधा सभासद प्रांतिक सभेला जातो, तेव्हा त्याच्या हातातलं मतपत्र याच विचारातून आलेलं असतं. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्युथरन चर्चचे ६५ सिनड, म्हणजे प्रांतिक विभाग, आहेत. त्यांच्या सभांमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी किमान ६० टक्के पाळक नसलेली माणसं हवीत आणि त्यांत शक्यतो निम्म्या बाया, निम्मे पुरुष, असा घटनेचाच नियम आहे. या चर्चचा राष्ट्रीय प्रमुख बिशप निवडण्याची रीत तर बघण्यासारखी. आधी कोणी उमेदवारच नसतो! पहिल्या फेरीत प्रत्येक जण कोऱ्या कागदावर आपल्याला योग्य वाटेल त्या पाळकाचं नाव लिहितो. कोणाला तीन चतुर्थांश मतं मिळाली तर निवड झाली, नाहीतर दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत सात नावं उरतात, चौथीत तीन, पाचवीत दोन. फेऱ्यांच्या मध्ये प्रार्थना होते, गाणी होतात. प्रचार, पॅनल, फलक यांची सवय झालेल्या आपल्याला हे खरं वाटत नाही. स्वीडनच्या चर्चमध्ये तर सोळा वर्षांचा सभासदही चर्चच्या निवडणुकीत मत देतो.

भारतात ल्युथरन आले ते १७०६ साली, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला. पुढे तेलुगू मुलूख, छोटा नागपूर, आणि १८७७पासून स्वीडिश मिशनमुळे मध्य प्रांत. मध्य प्रांतातल्या या मिशनमधून उभ्या राहिलेल्या चर्चचं मुख्यालय छिंदवाड्याला आहे. कारभार हिंदीत असला तरी जवळच्या सौंसर भागात मराठी ऐकू येते. छोटा नागपुरातल्या रांचीची हकीगत मात्र सांगायलाच हवी. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना इंग्रज सरकारनं हलवलं आणि आदिवासी मंडळ्या एकाकी पडल्या. त्यांनी १० जुलै १९१९ रोजी आपलं चर्च स्वायत्त असल्याचं जाहीर केलं आणि कारभार हाती घेतला.

धाराशिवच्या शेजारी, सोलापूर आणि बार्शीला, ठाणी पडली ती अमेरिकन मराठी मिशनची. ही मंडळी ल्युथरन नव्हती. पण प्रत्येक मंडळीनं आपला कारभार सभासदांच्या मतानं चालवावा, हा त्यांचा पायाच होता. ल्युथरच्या विटेनबर्गची कल्पना अशी वळसा घालून, अमेरिकेच्या वाटेनं बालाघाट डोंगरांच्या पायथ्याशी आली! अहमदनगर भागात अशा मंडळ्यांच्या संघाला ‘ऐक्य’ म्हणत. आणि तिथे घडलेली नवलाई पाहा. १८६०च्या दशकात नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तेच टाळ, तेच अभंग-ओव्या, तीच आख्यान रंगवण्याची रीत, आणि कथा येशूची. अक्षरओळख नसलेला माणूसही मग श्रोता न राहता गाऊ लागतो. कवी नारायण वामन टिळकांची शंभराहून अधिक गीतं आजही ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून मराठी मंडळ्या गातात. माझ्या मते मतपत्राइतकंच हे गाणंही मोलाचं, कारण लोकांनी आपल्या भाषेत गावं याचा आग्रह ल्युथरनंच धरला होता.

सभासदांच्या सहभागाची ही रीत पुढेही दिसते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ल्युथरन त्यात सामील नाहीत. पण त्याच्या मराठवाड्यातल्या डायोसिसमध्ये, म्हणजे धर्मप्रांतातही, पाळकांच्या बरोबरीनं साधे सभासद प्रतिनिधी म्हणून बसतात.

तेव्हा तुमच्या मंडळीनं यंदा प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव सुचवलं, तर ‘मला काय कळतंय’ म्हणून मागे सरू नका. अंदाजपत्रक आधी मागून घ्या, घरी बसून वाचा, खटकलेल्या रकमेखाली रेघ मारा, आणि सभेत हात वर करून विचारा.