माशाच्या तेलाची गोळी : गल्ला भरतो, पण नाडीचे काय?

घोडपदेवहून भाऊचा धक्का फार लांब नाही. बांगडा आणि तारली इथल्या कष्टकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली आहे. अशाच तेलकट माशांच्या तेलाची पिवळी गोळी आता औषधाच्या दुकानात डबीतून मिळते आणि 'हृदयाला चांगली' एवढ्या बोलावर खपते. ती विकणारे आणि घेणारे, दोघांपुढेही आम्ही काही गोष्टी ठेवू इच्छितो.

या व्यापाराचा पाया खोटा नव्हता. १९९९ मध्ये इटलीतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांपैकी ज्यांना रोज सुमारे १ ग्रॅम ओमेगा-३ दिले गेले, त्यांच्यात मृत्यू, विशेषतः अचानक ओढवणारे मृत्यू, कमी आढळले. पुढच्या चाचण्यांत मात्र हा लाभ तसा दिसला नाही. दुसऱ्या झटक्यापासून ही औषधे वाचवत नाहीत, असा निर्णय युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला.

त्याहून गंभीर बाब हृदयाच्या ठोक्यांची आहे. २०२१ मध्ये ७ चाचण्यांतील ८१,२१० व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा-३ घेणाऱ्यांत 'एट्रियल फायब्रिलेशन'चा धोका ४९ टक्क्यांनी, तर १ ग्रॅम किंवा कमी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी अधिक आढळला. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. २०२३ मध्ये युरोपच्या याच संस्थेने या औषधांच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम नोंदवण्यास सांगितले.

याचा अर्थ गोळी विष आहे असा नव्हे. २०१८ च्या एका चाचणीत ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांना शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिल्यावर हृदयविकाराच्या घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु त्याच चाचणीत ठोक्यांच्या या विकारासाठी इस्पितळात जाणारे २.१ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले. फायदा-तोट्याचा हा हिशेब डॉक्टरांनी मांडायचा आहे, गल्ल्यावर बसलेल्याने नव्हे.

ग्राहकांनी डबीची मागची बाजू वाचावी. '१००० मिलिग्रॅम' हा आकडा बहुधा तेलाचा असतो. त्यात ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे ओमेगा-३ अवघे ३०० मिलिग्रॅम, असे प्रमाण सर्रास दिसते. आवरणाचे जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हेही आपल्या वाचकांनी उत्पादकाला विचारावे. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना कायद्यानेच असते. मग तीच डबी हृदयाचे औषध म्हणून विकणे हा सचोटीचा व्यवहार कसा?

दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे. डबी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा : छातीत धडधड किंवा ठोके अनियमित होण्याचा त्रास आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? उत्तर 'होय' आले, तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. एक डबी कमी खपेल, पण ग्राहकाचा विश्वास राहील.